गंगेचं पाणी प्यालेली बॅटरी

खोली द्यायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो ऐकून माझं डोकं फिरलं.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. नाशिकला नगरपालिकेच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि गंगापूर रोडच्या बाजूला मी खोली शोधत हिंडत होते. खोली पसंत पडायची, घरमालकीण चहासुद्धा टाकायची, आणि मी आडनाव सांगितलं की ती खोली घरमालकाच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. त्या वर्षी नाशकातल्या घरमालकांना भाचे फार झाले होते. त्यामुळे या फाटकाशी आले ती पदर खोचूनच. विचारू दे आडनाव, मग दाखवते, अशा बेतानं.

फाटकात उभ्या असलेल्या घरमालकांनी विचारलं, "तुमच्याकडे टॉर्च आहे?"

"आहे."

"वापरून झाल्यावर सेल काढून ठेवता की आतच राहू देता?"

"आतच असतात."

मी घरात कुणाला तरी कोंडून ठेवते असं ऐकल्यासारखा त्यांनी चेहरा केला. म्हणाले, "पाझरतात ते आतल्या आत. उद्यापासून काढून ठेवा. किल्ली आमच्या हिच्याकडून घ्या."

"आडनाव नाही विचारलंत," मी तरीही म्हणाले. इतका राग गोळा करून आणलेला, तो कुठं तरी टाकायला हवा होता.

"त्याचं काय करू मी?" ते म्हणाले आणि आत निघून गेले.

सगळे त्यांना काका म्हणायचे. मीही म्हणू लागले. ओझरच्या विमान कारखान्यात ते बॅटऱ्यांच्या खात्यात होते. सकाळी कारखान्याच्या बसनं जायचे, संध्याकाळी परतायचे, आणि दिवसभर बॅटऱ्यांत राहिलेला हा माणूस घरी हातपाय धुऊन पुन्हा बॅटरीपाशीच बसायचा. घरची बॅटरी एका जर्मन फ्लॅशगनची होती. आता फ्लॅश कॅमेऱ्याच्या पोटातच असतो, म्हणून सांगायला हवं. तेव्हा कॅमेऱ्याला फ्लॅशचा वाटीएवढा दिवा जोडायचा आणि त्याची बॅटरी वेगळ्या डब्यात खांद्याला अडकवायची. आत ॲसिड. मोटारीच्या बॅटरीची धाकटी बहीणच म्हणा ना. पण या डब्याच्या एका बाजूला पारदर्शक पट्टी होती आणि तिच्यामागं ॲसिडात तीन बारीक गोळ्या तरंगायच्या. हिरवी, पांढरी आणि लाल. बॅटरी भरलेली असली की तिन्ही वर. वापरत गेलं की आधी हिरवी बुडायची, मग पांढरी, सगळ्यात शेवटी लाल. लाल बुडवणारा माणूस काकांच्या लेखी गुन्हेगार होता.

"उपाशी ठेवायची नाही आणि कोंबून भरवायची नाही," हे त्यांचं पालुपद. बॅटरीला ते 'ती' म्हणत आणि कॅमेऱ्याला 'ते डबडं'. फोटो काढताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. फोटो कोणीही काढतं, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रात एखादा फोटो काळपट छापून आला की ते लगेच निदान करायचे, की फोटोग्राफरची बॅटरी उपाशी होती. शाई वाईट असेल, कागद वाईट असेल, असं काही त्यांच्या डोक्यात यायचंच नाही.

त्या एका डब्यानं अख्खं घर वेठीला धरलं होतं. चार्जर त्यांनी स्वतः लाकडी फळीवर जोडला होता. तो लागला की घरात दुसरं काही लावायची बंदी, कारण विजेचा दाब पडतो. काकूंच्या भावानं हौसेनं मिक्सर दिलेला, तो कपाटात बसून होता आणि काकू पाट्यावर चटणी वाटत होत्या. मी एकदा शाळेत साहेब तपासणीला येणार म्हणून सकाळी साडीला इस्त्री करत होते. काका दारात आले, इस्त्रीची पिन उपटली आणि निघून गेले. निऱ्या कडक आणि पदर चुरगळलेला, अशा अवतारात मी साहेबांपुढं उभी राहिले. संध्याकाळी जाब विचारला, तर म्हणाले, "तुमच्या साडीला उद्या पुन्हा इस्त्री होईल. तिचं जेवण मधेच तुटलं तर?"

लग्नसराईत मेन रोडचे फोटोग्राफर फ्लॅश न्यायला यायचे. काका त्याचं भाडं घेत नसत, उपदेश करत. भाडं परवडलं असतं. एकदा एक जण मालेगावचं लग्न करून परत आला तो लाल गोळीसुद्धा बुडवून. काकांनी त्याला घरात घेतलंच नाही. खिडकीच्या गजांतून डबा आत घेतला आणि त्याला उन्हात उभं करून विचारू लागले.

"लग्नात जेवलात?"

"हो काका. बासुंदी होती."

"चहा?"

"झाला की दोन-तीनदा."

"आणि ही?"

तो बिचारा रडकुंडीला आला. "काका, नवरी उंबऱ्यात उभी होती. तिला काय थांब म्हणायचं गोळीसाठी?"

"म्हणायचं," काका म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. मी जिन्यावरून हे सगळं ऐकत होते आणि मनातल्या मनात त्या फोटोग्राफरच्या बाजूनं भांडत होते.

माणसांनाही ते याच मापानं मोजायचे. निवडणुकीच्या कामावरून मी दमून आले की माझ्याकडे एकदा बघायचे आणि आत हाक मारायचे, "बाईंची हिरवी बुडालीय, चहा टाका." मला हा अपमान वाटायचा. मी काय डबा आहे? पण चहा यायचा, आणि तो मी प्यायचे.

आता माझ्या आईचं सांगते, कारण तिच्याशिवाय या माणसावरचा माझा राग कळायचा नाही.

आई निफाडकडे गावी असायची. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कांदे लावले, खुरपले, काढले, आणि त्या मजुरीत मला शिकवलं. तिचा एकही फोटो नव्हता. मला नोकरी लागली तेव्हा हौसेनं तिला नाशिकला एका स्टुडिओत नेलं. स्टूलवर बसवलं. आणि त्या फोटोग्राफरनं पावडरचा डबा पुढं केला. "आजी, जरा लावून घ्या. चेहरा उठत नाही."

आई उठली. "माझं तोंड माझ्याच रंगाचं येत नसंल, तर नको मला फोटू." पदर कपाळावर ओढला आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. त्यानंतर फोटो म्हटलं की ती बोलणंच बदलायची. आणि आता तिला दम लागायला लागला होता. चार पावलं चालली की छातीला हात लावून उभी राहायची. तिचा चेहरा मागं उरणारच नाही, ही भीती मला सोडत नव्हती.

हे सगळं मी एकदा तावातावानं काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या बॅटरीच्या गोळ्या किती वर होत्या?"

समोर माणूस मोठा होता म्हणून, नाहीतर माझा हात उठला असता. मी ताडकन निघाले. तेवढ्यात मागून म्हणाले, "दसऱ्याला आणा त्यांना. मी काढतो. पावडर लागणार नाही."

काका स्वतः फोटो काढणार, हे ऐकून काकूसुद्धा बाहेर येऊन बघायला लागल्या. मी आईला कसंबसं राजी केलं. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी आमच्या लोकांच्या वस्तीत धम्मदीक्षेच्या दिवसाचा कार्यक्रम असायचा, तो बघायला ती येणारच होती. मी म्हटलं, "आई, पावडर न लावता काढणारा माणूस सापडलाय." ती म्हणाली, "मंग बघू."

दसऱ्याला ती आली. निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, केस चापून बसवून ओट्यावर बसली. काका कारखान्यातल्या पूजेहून परतले, हातपाय धुतले, आणि बॅटरी आणायला आत गेले. काकूंनी सकाळी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. विळी, कात्री, पकडी, हातोडी, चार्जर, सगळ्यांना झेंडू आणि कुंकू. बॅटरीलाही माळ होती.

आतून काकांचा असा आवाज आला की आई दचकली.

"कोणी हात लावला हिला?"

"मी," काकू हसतच बाहेर आल्या. "पूजा केली."

"हिचं बूच कोणी उघडलं?"

"मीच. महिन्याच्या महिन्याला तुम्ही तिला बाटलीतलं पाणी पाजता. म्हटलं, सणाचं तरी गंगेचं पाजावं. पहाटे गोदेवर जाऊन रामकुंडावरून तांब्या भरून आणला होता. पळीपळीनं घातलं, थेंब नाही सांडला."

काका डबा घेऊन बाहेर आले. हिरवी तळाला, पांढरी तळाला, आणि लाल मधेच लोंबकळत होती. त्यांनी तो काकूंच्या नाकापुढं धरला. "अगं, बाटलीतलं पाणी वाफेचं असतं! त्यात काही म्हणजे काही नसतं! गंगेत सगळं असतं!"

"सगळं असतं म्हणूनच तर घातलं," काकू म्हणाल्या.

अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं काका बोलले. काकूंनी आधी ऐकून घेतलं आणि मग त्याही उसळल्या. "इतकी वर्षं ही घरात आहे. मी तिच्यासाठी चटणी हातानं वाटते. एकदा तरी सांगितलंत मला, हिला काय चालतं आणि काय नाही? हात लावू नको, एवढंच सांगत आलात." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काका खाली बसले आणि माळ सोडवायला लागले.

मी पुढं झाले. उजेड उतरायला लागला होता. "काका, एकदा दाबून तर बघा. पेटला तर पेटला."

"पेटेल," काका म्हणाले.

"मग?"

"पेटेल, पण पेटवणार नाही. पाण्यानं ॲसिड पातळ पडलंय, त्यात पोटात भलतंच गेलेलं. अशा स्थितीत मी तिच्याकडून काम करून घेत नाही."

मला वाटलं होतं, चालणारच नाही म्हणतील. यंत्र बिघडलं तर माणूस काय करणार, असं मनाला समजावलं असतं. पण चालेल आणि चालवणार नाही? माझा तोल गेला. "माझ्या आईपेक्षा डबा मोठा झाला का तुम्हाला? ती पुन्हा यायची नाही इथं. तिला दोन पायऱ्या चढवत नाहीत!" आणखीही पुष्कळ बोलले. तेही खरंच बोलले, आजही त्यातला शब्द मागं घेणार नाही.

ओट्यावरून आई म्हणाली, "जाऊ दे गं. आजारी हाय ती. आजारी जिवाला कशापायी कामाला लावायचं?"

म्हणजे आईसुद्धा त्यांच्याच बाजूनं! मी रागानं रडायला लागले. हीच माझी आई अंगात ताप असताना गुडघाभर चिखलात कांद्याची रोपं लावत होती. आजारी जिवाला कामाला लावू नका, असं तिच्यासाठी कोणी कधी म्हटलं नव्हतं. मालकानं नाही, मुकादमानं नाही, आणि लहान होते म्हणून मीही नाही. आणि एका जर्मन डब्याच्या वाट्याला तेवढी माया आली होती.

दुसऱ्या दिवशी आईला एसटीत बसवून दिलं. काकांशी बोलणं टाकलं. दुसरी खोली शोधायला लागले, पण भाचे अजून संपले नव्हते.

खालच्या मजल्यावर बॅटरीचं आजारपण सुरू झालं. काकांनी जुनं ॲसिड काढलं, ती पुन्हा पुन्हा धुतली, नवं ॲसिड भरलं, आणि अगदी मंद करंटवर तिला चार्जिंगला लावलं. मग त्यांनी जे केलं, ते बघायला मी जिन्यावर थांबले. काकूंना त्यांनी शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. पाणी कुठलं, किती, गोळ्या काय सांगतात, तापली की काय करायचं. ते कारखान्यात गेले की काकू तिच्याजवळ बसायच्या आणि लेकराचा ताप बघतात तसा तळहात उलटा करून डब्याला लावून बघायच्या. काम करताना मधेच उठायच्या, हात लावायच्या, परत चुलीकडे जायच्या. काका संध्याकाळी फाटकातूनच विचारायचे, "कशी आहे?" आणि काकू आतून सांगायच्या, "पांढरी हलली आज." हे ऐकून माझा राग कमी झाला, असं नाही. राग धरून ठेवायला मेहनत पडायला लागली, एवढंच.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी काका माझ्या दारात उभे. खांद्याला ते डबडं आणि छातीशी काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळलेली बॅटरी. "निफाडची एसटी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

एसटीत ती त्यांच्या मांडीवर होती. खड्डा आला की ते स्वतः उचलले जायचे, पण तिला हलू द्यायचे नाहीत. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ओ त्यात?" काका म्हणाले, "आजारातून उठलीय." कंडक्टर बिचकून मागं सरकला.

गावी पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई अंगणात बसली होती. काकांना बघून तिनं पदर कपाळाच्या खाली ओढला. मी पुन्हा भडकले. "एवढ्या उन्हात फ्लॅश कशाला लागतो? उन्हातच काढायचा होता, तर दसऱ्याला दुपारी का नाही काढलात?"

"पदराखाली बघा," काका म्हणाले. "नाक उन्हात आहे, डोळे सावलीत. डोळे येतील का? की पदर काढायला सांगू त्यांना?"

दसऱ्याला एवढं एक वाक्य बोलले असते तर? पण नाही. तेव्हा त्यांना फक्त गोळ्या दिसत होत्या.

बॅटरी जमिनीवर ठेवायला काका तयार नव्हते. अंगण उंचसखल, आणि बाज करकरत होती. माझ्या हातात द्यायलाही तयार नव्हते, कारण मी रागात होते. आई हे सगळं बघत होती. तिनं हात पुढं केले. "द्या इकडं, दादा. मी धरते. लेकरं वाढवलीत मी."

आणि त्यांनी दिली! मेन रोडचा एकेक फोटोग्राफर ज्यांना पारखूनही पसंत पडत नव्हता, त्यांनी माझ्या आईकडे एकदा बघितलं आणि बॅटरी तिच्या मांडीवर ठेवली. घरी जोडलेली लांब वायर सोडत ते मागं गेले. आत्तापर्यंत हात कुठं ठेवावेत ते आईला कळत नव्हतं. आता तिचे दोन्ही हात डब्याभोवती होते. काकांनी खटका दाबला, आणि फ्लॅश तयार होताना येतो तसा बारीक सूं आवाज सुरू झाला.

आईनं कान खाली नेला. "कण्हती का ओ ही?"

"कण्हत नाही. तयार होतेय."

आई मान वर करून हसली. लख्खकन उजेड पडला.

"काका, डबा!" मी ओरडले. "डबा आला ना फोटोत! आता तो बाजूला घ्या आणि दुसरा काढा."

काका वायर गुंडाळत होते. "आज नाही. आजारातून उठल्यावर पहिल्या दिवशी एकच काम. आता विश्रांती."

मी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. काही उपयोग झाला नाही. जाताना त्यांनी बॅटरी आईच्या मांडीवरून उचलली, शालीत गुंडाळली, आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्याले.

फोटो उत्तम आला होता. पदराखाली आईचे डोळे, तिच्याच रंगाचा चेहरा, वरचे दोन दात दिसतील असं हसू. आणि मांडीवर एखादं नातवंड घ्यावं तशी ती बॅटरी, गोळ्यांची पट्टी समोर करून. माझ्या आईचा आयुष्यातला एकुलता एक फोटो, आणि त्यात हे! मी तो कोणाला दाखवला नाही. कपड्यांच्या ट्रंकेत तळाला ठेवला, आणि बाहेर काढला की दर वेळी नव्यानं चिडायचे.

पुढं मी वस्तीतच घर घेतलं. आई आणखी काही वर्षं जगली. ऐंशीचं दशक संपता संपता गेली. माणूस गेल्यावर आमच्यात करतात त्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा फोटो हवा म्हणून मी ट्रंकेतला तो फोटो घेऊन एका स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं तो उजेडात धरला. "छान आहे. हा डबा ब्रशनं घालवून टाकतो. मांडीवर फुलं काढून देऊ? आणि चेहरा जरा उजळ करून देतो, उठून दिसेल."

मी असा आवाज चढवला की पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेली माणसं उठून उभी राहिली. "चेहऱ्याला ब्रश लावायचा नाही! आणि त्या डब्यालासुद्धा नाही! जसा आहे तसा मोठा करा. जमत नसेल तर द्या परत!" इतकी वर्षं ज्या डब्यावरून मी जळत होते, त्याला दुसऱ्या कोणी हात लावायची भाषा केलेली मला सहन होत नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी काका आणि काकू आले. काका थकले होते, हातात काठी होती. आमच्या नात्यातली माणसं फोटोला हार घालत होती, मी सगळ्यांना पाणी देत फिरत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस चार शब्द बोलेल. आई चांगली होती म्हणेल, वाईट झालं म्हणेल. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि फोटोपुढं वाकले. आईच्या चेहऱ्याकडे नाही, मांडीकडे बघत होते. हाराची फुलं आड येत होती, ती त्यांनी बोटानं हळूच बाजूला केली.

"तिन्ही गोळ्या वर आहेत," ते म्हणाले.

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. आई गेल्यापासून मी कोणासमोर रडले नव्हते. तांब्या खाली ठेवला आणि तिथंच फोटोपुढं बसकण मारली. काकूंनी माझ्या कपाळाला तळहात उलटा करून लावला आणि तसाच ठेवला.